एक टोपण कॅल्शियम

२ मार्च, सोमवार
ऑफिस. तीन दुकानांचे वजनकाटे तपासले, एक सदोष निघाला. लेक काल तिच्या घरी परत गेली. संध्याकाळी सहाला घरी आलो. टाकीतले मासे दोन, दोन्ही जिवंत.

ही जाऊन सहा आठवडे झाले. हिची समुद्राच्या पाण्याची टाकी हॉलमध्ये आहे. चार फूट लांब. आत खडक, प्रवाळ आणि दोन केशरी-पांढरे मासे. लेकीचं म्हणणं, बाबा, हे तुम्हाला झेपायचं नाही, सगळं टाकीवाल्या दुकानदाराला देऊन टाकू. मी म्हटलं, माझी काही हरकत नाही. टाकीत माझा जीव वगैरे अडकलेला नाही. पण वस्तू दुसऱ्याच्या हवाली करायची तर ती चालू स्थितीत असावी, हा साधा नियम आहे. लेक अठ्ठावीस तारखेला पुन्हा येणार. तेव्हा टाकी धड असली तर राहील, नसली तर जाईल, असं ठरलं.

मी एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. पाण्यात काही पदार्थ ठरावीक प्रमाणात ठेवायचे, एवढंच तर काम. ते माझ्याइतकं कुणाला जमणार.

ठराव केले. रोज मोजमाप, रजिस्टरमध्ये नोंद. रोज अर्धा तास चालणं. रविवारी हिचं कपाट आवरणं. आणि बाटल्यांची टोपणं घट्ट लावणं. हिच्या बोटांना घट्ट टोपण उघडत नसे, म्हणून घरातल्या प्रत्येक टोपणाला मी अर्धाच आटा देत आलो आहे. आता त्याची गरज नाही.

३ मार्च, मंगळवार
टाकीखालच्या कपाटात दोन बाटल्या सापडल्या. हिच्या अक्षरात एकीवर 'सकाळ' आणि दुसरीवर 'रात्र'. दाराला आतून चिठ्ठी चिकटवलेली: 'दोन्ही एक टोपण. आत्याबाईंकडे बघून.'

सही नाही, तारीख नाही, परिमाण नाही. टोपण हे माप कोणत्याही कायद्यात नाही. एखाद्या दुकानात असं सापडलं असतं तर मी जागेवर पंचनामा केला असता.

रजिस्टर घेऊन टाकीवाल्याकडे गेलो. तिशीचा आहे, बोलका. म्हणाला, काका, 'सकाळ'मध्ये कॅल्शियम, 'रात्र'मध्ये सोडा. प्रवाळ दोन्ही पाण्यातून ओढून घेतं आणि त्याचं स्वतःचं हाड बांधतं. कॅल्शियम चारशेवीसच्या आसपास ठेवा, आणि सोड्याचं माप म्हणजे केएच, तो आठच्या. मी विचारलं, आसपास म्हणजे किती अधिक-उणे? तो म्हणाला, काका, आत्याबाईंना तुमचं रजिस्टर वाचता येत नाही.

आत्याबाई म्हणजे मधलं मोठं प्रवाळ. हिरव्या टोकांची शेकडो बोटं, दिवसभर पसरलेली. हाताच्या अंतरात दुसऱ्या कुणाला टिकू देत नाही, म्हणून हिने ते नाव ठेवलं. दुकानदारालाही तेच माहीत आहे. जाताना तो म्हणाला, काकूंनी अंगठ्याएवढी नेली होती हो.

चालणं झालं नाही. दुकानात जाणं-येणं धरायला हरकत नाही. स्कूटरने गेलो होतो.

४ मार्च, बुधवार. सकाळी ७
पहिली चाचणी. छोट्या नळीत टाकीचं पाणी, त्यात थेंब थेंब औषध, गुलाबीचं निळं होईपर्यंत. तीनदा केली. कॅल्शियम ३८५. केएच ७. दोन्ही कमी. हिच्या टोपणाचा निकाल समोर आहे.

ही गेल्यापासून सहा आठवड्यांत कुणी टोपणच घातलं नसेल, हा मुद्दा नंतर लक्षात आला. निष्कर्ष तोच ठेवला.

हिशेब मांडला. दहा दिवसांत ३८५ वरून ४२०. मात्रा सिरिंजने, मिलीलिटरमध्ये. टोपण रद्द. बाटल्यांना 'क्र. १' आणि 'क्र. २' अशी लेबलं लावली. हिची लेबलं काढली नाहीत, बाटली फिरवून माझी मागच्या बाजूला लावली. औषधावर मात्रा लिहितात, वेळ नव्हे. वेळ मात्र तीच पाळतो आहे, बदलायला खास कारण नाही म्हणून.

टोपणं घट्ट लावायची विसरलो. उद्यापासून.

७ मार्च, शनिवार
पाणी दोन बोटं खाली गेलं आहे. समुद्राचं पाणी आटलं तर समुद्राचंच पाणी घालायचं, यात विचारण्यासारखं काही नाही. मीठ विरघळवून बादलीभर तयार केलं आणि घातलं.

एका दगडाची जागा सरळ करताना हात आत्याबाईंना लागला. मनगटावर पुरळ. त्यांनी मला ओळखलं नाही.

८ मार्च, रविवार
खारटपणा मोजला, वाढलेला. मिठाच्या कंपनीत दोष असावा. टाकीवाल्याला फोन केला. तो हसला नाही, पण हसू आवरणाऱ्या माणसासारखा सावकाश बोलला. काका, पाणी उडून जातं, मीठ आहे तिथेच राहतं. वरून साधं पाणी घालायचं.

हे मला माहीत होतं. या संदर्भात लागू केलं नव्हतं, इतकंच.

तांब्याने साधं पाणी घालत राहिलो. त्यात सकाळ गेली, म्हणून कपाट राहिलं. दुपारी मेहुणी आली. हिची धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. सकाळच्या शाळेत भाषा शिकवते, दुपारी मोकळी असते. हिच्या आजारपणात घराची एक किल्ली तिच्याकडे दिली होती, ती परत मागायची राहून गेली आहे. रजिस्टर दाखवलं. ती म्हणाली, भाऊजी, एवढे रकाने तर आमच्या शाळेच्या हजेरीतही नाहीत. मग टाकीसमोरच्या स्टुलावर बराच वेळ बसली. मी बोलावं असं तिला वाटत असेल, म्हणून मी तिला केएच समजावून सांगितला. पाऊण तास. ती मध्ये एकदाच बोलली. म्हणाली, ताईने ऐकायला हवं होतं हे.

१० मार्च, मंगळवार
उत्साहवर्धक. कॅल्शियम ४२५. चार दिवस आधीच लक्ष्य पार. माझ्या हिशेबापेक्षाही वेगाने. मात्रा अचूक असली की परिणाम कसा दुणावतो ते दिसतं.

दुसरं असं की संध्याकाळी 'क्र. २' उघडायला गेलो तर टोपण घट्ट. 'क्र. १'चंही घट्ट. सकाळी मी ते लावल्याचं आठवत नाही. ठराव मनात मुरला की हात आपोआप काम करतो, असं कुठेतरी वाचलं होतं.

११ मार्च, बुधवार
संध्याकाळी माशांना खाऊ घातला तर दोघांनी तोंड फिरवलं. चार दिवस हेच चाललं आहे. वेळापत्रकामुळे ते मिताहारी झाले. ही दिवसातून तीनदा लाड करायची.

दोघांतली मोठी ती मादी. तो लहान, सदा तिच्या मागे. ही म्हणायची, बघा, घर असं चालतं.

स्टूल टाकीसमोर होतं. मी ते खिडकीशी ठेवतो, असा माझा समज आहे. समज तपासला पाहिजे.

१४ मार्च, शनिवार
कॅल्शियम ४४५. केएच साडेदहा. हे मात्र जास्त झालं. दोन्ही मात्रा आजपासून बंद. चार दिवस काही घालायचं नाही, फक्त मोजायचं. हा प्रयोग आहे.

शेजारच्या दोन दुकानांच्या काट्यांचा वाद मिटवायला ऑफिसने बोलावलं. दोन्ही काटे बरोबर होते. वाद तरी मिटला नाही.

१५ मार्च, रविवार
कपाट उघडलं. वरच्या खणात लोकरीचे कपडे. थंडी संपेपर्यंत ते हलवण्यात अर्थ नाही. बंद केलं.

१८ मार्च, बुधवार
नोंद करून ठेवावी असा दिवस.

चार दिवस एक थेंबही घातला नाही, आणि कॅल्शियम ४४३, केएच दहा. जवळजवळ जिथल्या तिथे. आत्याबाई पाय पसरून बसल्यासारख्या. याचा एकच अर्थ निघतो. योग्य पातळीला एकदा नेऊन सोडलं की टाकी स्वतःची गरज स्वतः भागवते. हे टाकीवाल्यांना ठाऊक नसावं, नाहीतर त्यांच्या बाटल्या कोण घेईल.

लेखाचं शीर्षक सुचलं. 'स्वयंपूर्ण टाकी : एक निरीक्षण.' दीड पान लिहिलं.

टाकीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, काका, टाकी कॅल्शियम बनवत नाही, खाते. तुमचं चाचणीचं औषध जुनं झालं असेल. मी म्हटलं, औषधाची मुदत पुढच्या वर्षापर्यंत आहे. तो म्हणाला, मग घरात कुणीतरी घालत असेल. मी म्हटलं, घरात मी एकटाच आहे. 

मेहुणीलाही फोन करून सगळं सांगितलं. तिने दोनदा विचारलं, म्हणजे आधी तुम्ही रोज घालत होतात? मी म्हटलं, अर्थात, सकाळी एक आणि रात्री एक. ती म्हणाली, अगं बाई. मग म्हणाली, बंद केलंत ते बरं केलंत, भाऊजी. मी तिला लेखाचं दीड पान वाचून दाखवलं. तिला खोकला झाला असावा.

२० मार्च, शुक्रवार
मेहुणीचा काल शाळेच्या जिन्यावर पाय मुरगळला. प्लास्टर घातलंय, घरीच आहे. तिनेच फोन केला. मी चौकशी केली. ती म्हणाली, पायाचं राहू द्या, भाऊजी, टाकीत सहज म्हणून एकेक टोपण घाला ना. मी समजावलं की प्रयोग चालू असताना मध्ये हात घालायचा नसतो. ती म्हणाली, बरं.

२२ मार्च, रविवार
मेहुणीचा पुन्हा फोन. आज घातलंत का? नाही. एकच टोपण हो. मी म्हटलं, तू भाषेची बाई आहेस, विज्ञानाचं मला बघू दे. ती म्हणाली, ताई एका टोपणावर एवढी वर्षं चालवत होती. मी म्हटलं, तेव्हा टाकी स्वयंपूर्ण झालेली नव्हती.

कपाट राहिलं. फोनमुळे.

२४ मार्च, मंगळवार
मासे पाण्याच्या वर तोंड काढून खाऊ मागतात. पाच दिवसांपासून हावरट झाले आहेत. हवामानाचा परिणाम असावा. स्टूल खिडकीशीच आहे, म्हणजे माझा समज बरोबर होता. टोपणं पुन्हा सैल सापडली. शिस्तीत ढिलाई येऊ देता कामा नये.

कॅल्शियम ४३२. किरकोळ फरक. केएच मोजला नाही. कॅल्शियम ठीक असल्यावर केएच ठीकच असणार.

२६ मार्च, गुरुवार
आत्याबाई मिटल्या. भर दुपारी, दिवा चालू असताना. एरवी पसरलेली बोटं आत घेतली आणि नुसती पांढुरकी हाडं दिसायला लागली. हे मी पहिल्यांदा बघितलं.

केएच मोजला. साडेसहा. तीनदा मोजला. तिन्ही वेळा साडेसहा.

परवा लेक येणार. स्वयंपूर्णतेच्या सिद्धांतात एक सुधारणा करावी लागेल.

२७ मार्च, शुक्रवार. दुपारी ४
अर्धा दिवस रजा टाकली. सकाळ-रात्र करत बसायला वेळ नव्हता. सात दिवसांची मात्रा काढली, आधी क्र. १ ओतली, लगेच त्याच कोपऱ्यात क्र. २ ओतली.

टाकीत बर्फ पडायला लागला. आधी धागे धागे, मग ढग. दोन मिनिटांत सगळं पाणी चुन्यासारखं पांढरं. मासे दिसेनात. आत्याबाई दिसेनात. मी काचेला हात लावून उभा राहिलो. किती वेळ ते मोजलं नाही.

टाकीवाल्याला फोन केला. त्याने पहिलंच विचारलं, दोन्ही एकदम घातलंत? हो म्हटलं. तो म्हणाला, अहो काका, दोन्ही एका जागी भेटले की त्यांचा चुना होतो. म्हणून तर काकू एक सकाळी घालायच्या, एक रात्री. बाटलीवर काय त्या उगाच लिहायच्या? मी विचारलं, आता काय घालू? तो म्हणाला, आता हात खिशात घाला. पंप चालू ठेवा आणि उद्यापर्यंत टाकीला हात लावू नका.

मेहुणीला फोन करायचं काही कारण नव्हतं. केला. काय बोललो ते नीट आठवत नाही. अर्ध्या तासात कुलपात किल्ली फिरली आणि ती आत आली. पायाला प्लास्टर, हातात काठी, खाली रिक्षा थांबवलेली. बेल न वाजवता आली, सवयीने. आत येऊन थेट टाकीकडे गेली, वाटेत न बघता हाताने स्टूल ओढलं आणि बसली.

मी स्टुलाकडे बघत राहिलो. मग किल्लीकडे.

ती म्हणाली, भाऊजी, रागावू नका. पोरगी तिच्या घरी परत गेली त्या दिवसापासून मी रोज दुपारी येऊन एकेक टोपण घालत होते. एक आल्या आल्या, दुसरं निघताना. मध्ये माशांना थोडं खायला. आणि इथे बसत होते जरा.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, ताईने सांगून ठेवलं होतं. ते मोजत बसतील, म्हणाली, तू घाल. मी विचारलं, मग मी स्वयंपूर्णतेचं सांगितलं तेव्हा तरी? ती म्हणाली, इतक्या दिवसांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी आनंदाने सांगत होतात. माझं तोंडच उघडेना.

मी चहा केला. दोघांनी पांढऱ्या टाकीकडे बघत घेतला. साखर दोनदा घातली गेली. एकदा मी, एकदा तिने. दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं. ती इतकी हसली की काठी पडली. मीही हसलो, बहुतेक.

२८ मार्च, शनिवार
पाणी निवळलं, पण काचेवर, खडकांवर, सगळीकडे पांढरी भुकटी. मासे दोन, दोन्ही जिवंत. मोठी पुढे, लहान मागे. आत्याबाई मिटलेल्या.

लेक दहाला आली. दारातूनच म्हणाली, बाबा, हे काय केलंत? मावशीने तिला आधीच सगळं सांगितलं होतं, असं नंतर कळलं. मी सविस्तर स्पष्टीकरण दिलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, मग टाकीवाल्याला बोलवायचं ना? ठरलं होतं आपलं.

मी म्हटलं, अशा स्थितीत बोलावता येणार नाही. वस्तू हवाली करायची तर ती चालू स्थितीत असली पाहिजे. ती म्हणाली, पण चालू स्थितीत असली तर ठेवायची, असं ठरलं होतं. मी म्हटलं, बरोबर. ती म्हणाली, म्हणजे बिघडली तर देता येत नाही, आणि सुधारली तर द्यायची नाही. मी म्हटलं, नियम पाहता तसं दिसतं.

ती मग म्हणाली, आईसारखे बोलायला लागलात तुम्ही. हे कौतुक होतं की तक्रार, ते स्पष्ट केलं नाही.

२९ मार्च, रविवार
लेकीने हिचं कपाट उघडलं. मी काच पुसत होतो. एक निळा स्वेटर घेऊन ती बाहेर आली, म्हणाली, हा मी नेते. मी म्हटलं, ने. बाकीचं? ती म्हणाली, बाकीचं असू दे, बाबा. घाई कसली आहे.

दुपारी गेली. स्टेशनवर सोडून चालत परत आलो. पस्तीस मिनिटं. नोंदवून ठेवतो.

३१ मार्च, मंगळवार
आत्याबाईंची चार बोटं बाहेर. मोजली. संध्याकाळी अकरा. मग मोजायचं सोडून बघत बसलो. स्टूल टाकीसमोरच ठेवलं आहे, सारखं ओढायला नको म्हणून.

मेहुणीने किल्ली परत देऊ केली. मी म्हटलं, राहू दे. तिने विचारलं, आता कोण घालणार, तुम्ही की मी? ठरलं असं की मी घालायचं आणि तिने रविवारी येऊन बघायचं. ती म्हणाली, आणि लेखाचं काय? लेख फाडला. पाठीमागची पानं कोरी होती, ती रजिस्टरला जोडली.

२ एप्रिल, गुरुवार. सकाळी ७
गेले तीन दिवस नव्याने हिशेब केला. आत्याबाई, इतर प्रवाळ, टाकीचं पाणी, रोजचा खप, सगळं धरून. चार पानं झाली. उत्तर आलं: रोज ७.४ मिलीलिटर, दोन्हींचं तेवढंच.

मग शंका आली म्हणून हिचं टोपण घेतलं, काठोकाठ पाण्याने भरलं आणि ऑफिसच्या प्रमाणित मापात ओतलं. साडेसात. पुन्हा मोजलं. साडेसात. तिसऱ्यांदा मोजलं नाही.

सिरिंज डब्यात ठेवली. बाटल्या पुन्हा फिरवल्या, 'सकाळ' आणि 'रात्र' समोर आले. रजिस्टरमध्ये परिमाणाच्या रकान्यात मिली खोडून टोपण लिहिलं. खोडाखोडीजवळ सही केली, नियमाप्रमाणे.

आत्याबाई निम्म्या उघडल्या आहेत. टाकीत पाणी बोटभर कमी होतं, तांब्याभर साधं पाणी वरून घातलं. 'सकाळ'चं एक टोपण घातलं. टोपण धुतलं, पुसलं, बाटलीवर ठेवून अर्धा आटा दिला, आणि ऑफिसला निघालो.